पिंपावरचे नाव

चाखलेली बिअर अण्णा पात्रात थुंकून टाकत. पसंतीस उतरली तरच गिळत. वीस वर्षांत मी, पोटच्या मुलाने, बनवलेला एकही घोट त्यांनी गिळला नव्हता. यंदा वाइनच्या जुन्या पिंपांत मुरवलेल्या काळ्या, कडक बिअरची दोन पिंपे होती: एक माझे, दुसरे बहिणीच्या यजमानांचे. त्यांची चोरून चाखली, सरस वाटली आणि मत्सराने अंतःकरण करपले. पिंपांवर खडूने लिहिलेल्या आमच्या नावांची मी अदलाबदल केली. घटकाभराने अण्णांनी माझे नाव असलेल्या पिंपातला घोट घोळवला आणि थुंकला. “अजून घाईच नडते रे तुला!” दुसऱ्या पिंपातला, वस्तुतः माझाच, घोट त्यांनी डोळे मिटून सावकाश गिळला. “वा, जावईबापू, धन्य केलंत!” मग तोच पेला त्यांनी माझ्यापुढे धरला. “घे, शीक जरा भाऊजींकडून.” मी घेतला, काचेवर खडूची पांढरी बोटे उमटली.