मदतीची चौकट

सकाळचे ऊन त्या खोलीत यायला रोज वेळ घेई. आधी ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी रेंगाळे, मग दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर उतरे, आणि साखर कारखान्याची वाफ आड आली की क्षणभर विझल्यासारखे होई. पुन्हा उजळले की खिडकीच्या गजांतून आत शिरून टेबलाच्या कडेने सरकत कीबोर्डवर येऊन थांबे. कळांमधली धूळ, अंगठ्याने गुळगुळीत झालेली लांब कळ, आणि तिच्यावर टेकलेला आण्णांचा हात. गुरुप्रसाद वडिलांच्या त्या हाताकडे पाहत बसे. हात पाहिला की बाकीचे पाहावे लागत नसे.

आण्णांनी उभी हयात छापखान्यात काढली होती. शिशाचे खिळे जुळवताना उलटी अक्षरे ते सुलट्यासारखी वाचत. दिवाळीनंतर मेंदूला झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले, बोलणेही. संगणकावरचे टायपिंग तर पूर्वीसारखेच. बोटे धावत, एक वेलांटी चुकत नसे. गुरुप्रसाद त्यावरच विसंबला होता. लिहिलेले ठेवायचे, पुसायचे, शोधायचे म्हटले की मात्र ते अडत. त्या कळा तेवढ्या ते विसरले आहेत, असे त्याने ठरवून टाकले होते.

म्हणून ते ज्यात टाइप करत त्या एडिटरमधली मदतीची चौकट त्याने त्यांच्यासाठी नव्याने घडवायला घेतली. कंट्रोलची कळ दाबून बोट घुटमळले की चौकट उघडे आणि कुठली कळ काय करते ते दाखवी. इंग्रजी काढून त्याने मराठी घातले. 'जतन करा' जड वाटले असेल, म्हणून 'ठेवा' केले. अक्षर मोठे केले, मग आणखी मोठे. पिवळ्यावर काळे केले. तरी आण्णा चौकटीकडे बराच वेळ पाहत आणि भलतीच कळ दाबत.

त्या सकाळी त्याने नवा, ठळक फॉन्ट लावला होता. स्वयंपाकघरात आई मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होती. आण्णांच्या झटक्यानंतर तिला ही हौस लागली होती.

"उचगावला दोन दिवस पाणी नाही. ऐकलंत का?"

"ऐकतोय की. म्होरं वाच."

"आण्णा," गुरुप्रसाद म्हणाला, "चौकट उघडा बघू."

आण्णांनी कळ दाबून धरली. चौकट उघडली आणि गुरुप्रसाद चपापला. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरेच नव्हती. 'ठेवा' नाही, 'पुसा' नाही, 'शोधा' नाही. ओळीमागून ओळ नुसते रिकामे चौकोन. "थांबा, चुकलं माझं," असे म्हणायला त्याने तोंड उघडले.

तोवर आण्णा पुढे झुकले होते. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश नजर फिरवली; डावीकडून उजवीकडे, प्रूफ तपासण्याच्या जुन्या शिस्तीने.

"आत्ता कसं!" ते म्हणाले. "झ्याक केलंस लेका. समदं स्वच्छ दिसतंय."

"दिसतंय?"

"व्हय की. आधीचं फिक्कट हुतं, म्हणून गोंधळ व्हायचा. पर तू एवढा खपत हुतास, म्हटलं कशाला बोलायचं."

गुरुप्रसादने त्या रिकाम्या चौकोनांकडे पुन्हा एकदा पाहिले. विचारू नये असे वाटत असतानाच त्याने विचारले, "पहिल्या ओळीत काय आहे, आण्णा?"

आण्णा हसले. हसू ओठांवर जरा जास्तच वेळ राहिले.

"सोताच लिवलंस आन् मलाच इचारतोस व्हय रे?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. आई वर्तमानपत्र हातात धरून दारात आली. तिने पडद्यावरचे चौकोन पाहिले, मग मुलाकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. तिने फक्त मान हलवली, नको अशी, आणि तिथेच दारात उभी राहून पुढची बातमी वाचू लागली, मघापेक्षा मोठ्या आवाजात.

ऊन कीबोर्डवरून पुढे सरकले होते. आण्णांचे बोट अजून कळेवरच होते आणि चौकट उघडी होती.

झटक्यापासून आण्णांना लिहिता येत होते; वाचता येत नव्हते.