सकाळची तक्रार

रोज सकाळी चहा टाकला की साळूबाई गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरपंचांना झापायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून बोलूनच पाठवायची. कधी खांबावरचा बंद दिवा, कधी टाकीच्या पाण्याचा वास. "या बाईला ग्रुपातून काढा," असं निम्मं गाव सरपंच हौसरावांना सांगून थकलं होतं.

आज हौसराव स्वतःच तिच्या दारात उभे राहिले. साळूबाईनं पदर खोचला. आता भांडणच होणार होतं.

"वैनी, दोन दिस झालं, ग्रुपवर तुमचा आवाज न्हाई. बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय? मोबाईल दुरुस्तीला दौंडला गेलाय. बोलायचं लई साचलंय!"

"मग मला कळायचं कसं, कुठं काय अडलंय ते?"

हौसरावांनी स्वतःचा मोबाईल काढला, ग्रुप उघडला आणि बटण दाबून तिच्या तोंडापुढं धरला.

थोड्याच वेळात सरपंचांच्या नंबरावरून सरपंचांचीच खरडपट्टी घराघरात वाजू लागली. तिच्या सुरुवातीला त्यांचाच आवाज होता, "बोला, वैनी."