काठ न लावलेली गोधडी

तिसऱ्यांदा दोरा तुटला तेव्हा घड्याळजीने सुई टेबलावर आपटली.

"माझ्याच्याने होणार नाही आता."

"मग नको करूस," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो येऊन बसायचा. "बायको जाऊन चार महिने झाले तुझी. अक्कांना कधी ना कधी कळणारच."

"कळलं की त्याही जातील. दोघी बहिणींचं काळीज सारखंच, दुबळं. हिने शेवटी माझा हात धरून सांगितलं, अक्काला कळू देऊ नका."

बहिणींची गावं लांब. अक्कांना फोनवर धड ऐकू यायचं नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी दोघींनी ही गोधडी काढली होती. एक ओळ थोरलीने जोडून पार्सल करायची, पुढची धाकटीने. तेच त्यांचं बोलणं. ते थांबलं असतं तर अक्का काय ते समजल्या असत्या.

म्हणून केसासारख्या स्प्रिंगा लीलया बसवणारा माणूस तुकड्याला तुकडा जोडत बसला होता. बोटांची चाळण झाली होती, पण बायकोसारखा टाका काही पडत नव्हता. आणि गोधडी संपायचं नाव घेत नव्हती. कॉटवर टाकली तर हातभर खाली लोळायची. आता तरी अक्का काठ लावून मोकळ्या होतील, असं त्याला दर खेपेला वाटायचं. दर खेपेला नवी ओळ यायची.

ह्या वेळची तर पारच वाकडीतिकडी होती.

"हात चालत नाहीत बिचारीचे," तो म्हणाला. "तरी त्या सोडत नाहीत. मी कुठल्या तोंडाने सोडू?"

"अरे, पण फसवतोयस तू त्यांना. आपली बहीण गेली, हे कळायचा हक्क नाही त्या बाईला?"

घड्याळजीने सुई उचलून पुन्हा दोरा ओवायला घेतला. महिन्याकाठी अक्कांच्या मुलीचा फोन यायचा. "मावशी बरी आहे?" "बरी आहे. अक्का?" "बरी आहे." एवढंच बोलून दोघं घाईने फोन ठेवायचे. दर वेळी त्याचा घास कडू व्हायचा.

रविवारी त्याने गोधडी पिशवीत कोंबली आणि पहिली गाडी पकडली. आधी अक्कांजवळ बसायचं, पाणी प्यायचं, मग हळूच सांगायचं, असं तो वाटभर घोकत होता.

दार भाचीने उघडलं. त्याला बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका? असे अचानक?"

"अक्कांशी बोलायचंय. झोपल्यात का?"

ती दार अडवून उभी राहिली. मग हळूच बाजूला सरली.

"आई नाही हो, काका. सहा महिने झाले."

त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

"जाताना म्हणाली, धाकटीला कळू देऊ नकोस, तिला सोसायचं नाही. तेव्हापासून मीच शिवतेय. मला कुठलं येतंय! पण काठ लावायला हात धजत नाही." तिने पिशवीतून गोधडी ओढून घेतली, शेवटच्या ओळीवरून हात फिरवला आणि पदराने डोळे टिपले. "काका, मावशीला सांगू नका हं. मला आता तेवढी एकच उरलीय."