दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये

“पेट्रोल-हवेचं मिक्स्चरच चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि नवऱ्यानं हेल्मेट काढायच्या आत तिनं बॉनेट उघडलंसुद्धा.

गाडी पुन्हा हरली होती. या जुन्या धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुटायच्या, आणि बघणाऱ्यानं धरलेला श्वास सोडायच्या आत निकाल लागायचा. इतकी वर्षं तो बहुतेक याच गाडीच्या बाजूनं लागत आला होता. चालवायचा नवरा, लोक त्याला ‘बाण’ म्हणत. इंजिन लावायची बायको. ठिणगी केसभर आधी पडली की जोर वाढतो, आणखी केसभर आधी पडली की पिस्टन फुटतो. या दोन्हींच्या मधली जागा तिला कानानं सापडायची. बाईच्या हाताला यश आहे, असं हरलेलेसुद्धा म्हणत.

या हंगामात मात्र हारच हार. शेजारच्या शेडमधला टायरवाला तोंडावर काही बोलला नाही, पण पाठीमागे बोललेलं फिरून तिच्या कानावर आलंच. बाईचा हात गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल. बाणानं आता नवरा-बायकोचं नातं बाजूला ठेवावं आणि दुसरा मेकॅनिक बघावा.

तिनं प्लग काढून उजेडाकडे धरला. पेट्रोल जास्त झालं तर टोक काजळतं, कमी पडलं तर पांढरं पडतं. हे टोक फिकं तपकिरी होतं, अगदी हवं तसं. तिनं तो प्लग घाईघाईनं फडक्यात गुंडाळला आणि नवऱ्याला सांगितलं, की पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरमधला पेट्रोलचा जेट बदलून बघते, ठिणगीचं टायमिंगही जरा मागे घेते.

खोट कुठं आहे, हे तिला हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत कळलं होतं. ती कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिनाचा आवाज क्षणभर अधांतरी लटकला. पुढच्या शर्यतीत तो जरा जास्त लटकला. नवऱ्याचा डावा हात गिअरवर पोचायला उशीर करत होता. मग घरातही तिचं लक्ष जाऊ लागलं. कपातून हिंदकळणारा चहा. शर्टाच्या बटणांशी चाललेली झटापट. चालताना एकच हात मागेपुढे व्हायचा, दुसरा अंगाशी चिकटलेला.

ज्याला सगळे बाण म्हणतात, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा दोष आपल्या पदरात घेणं सोपं होतं. धडधाकट इंजिन ती खोलायची, इकडचं तिकडं करायची आणि होतं तसंच लावून ठेवायची. शर्यत सुरू झाली की जीव मुठीत धरून उभी राहायची. तो मात्र तिलाच धीर द्यायचा. जमेल, म्हणायचा, खोट तुझ्या हातून निसटून जाईल कुठं?

हंगामातल्या शेवटच्या शर्यतीच्या सकाळी गार पडलं होतं. गार हवा दाट असते, तिला पेट्रोलही जास्त लागतं. तिनं थोडा मोठा जेट टाकला, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर नखभर फिरवला. इंजिन असं बोलायला लागलं की टायरवाल्यानंही मान वळवली. तिनं हात पुसले आणि हेल्मेट नवऱ्यापुढं धरलं.

त्यानं ते घेतलं आणि तिच्याच डोक्यावर ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा लावायला त्याला फार वेळ लागला. ती न हलता उभी राहिली.

“यादीत चालवणाऱ्याचं नाव बदलून आलोय,” तो म्हणाला. “आज तू चालवायचीस.”

ती हसायला गेली. सरावात चालवणं वेगळं आणि हे वेगळं, असं काहीबाही म्हणाली. मग कार्बोरेटरचं सांगू लागली, की आज नक्की जमलंय, तुम्हीच बसा. त्यानं तिला बोलू दिलं आणि मग थांबवलं.

“पुरे झालं. डॉक्टरांना दाखवून आलोय मी. माझ्या हाताचं पाप तुझ्या हातावर नको.” तो गाडीचं दार उघडून उभा राहिला. “आणि मध्येच पाय उचललास तर मला कळेल. कान अजून शाबूत आहेत माझे.”

हिरवा दिवा लागला. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. आवाज कुठंही तुटला नाही. अर्ध्या पट्टीवर तिच्या मनात आलंच, की पाय नुसता सैल सोडला तरी पुरे. हरू. लोक म्हणतील, बाईचा हात गेला तो गेलाच. आणि तो बाणच राहील. तिनं दात आवळले आणि पेडल होतं तसंच दाबून ठेवलं.

फलकावर लागलेली वेळ या गाडीनं कधीच गाठली नव्हती. ती खाली उतरली तेव्हा माणसं धावत आली होती. सगळ्यांच्या पुढं टायरवाला होता. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

“वहिनी, इंजिनात काहीच खोट नव्हती की हो!”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. त्यानं तिचे हात सोडले. मग एकेकाची मान मागे वळली. दूर कुंपणापाशी तिचा नवरा, उघड्या धरलेल्या डाव्या तळव्यावर उजवा हात आपटत, एकटाच टाळ्या वाजवत होता.