घरून आणलेलं बी

प्रशिक्षणात सांगितलं होतं की लेकरू हाताळून शिकतं, मोठ्यांचं बघून शिकतं. ते खेळात रमलं की मध्ये पडायचं नाही. म्हणून राजूरजवळच्या वस्तीवरच्या अंगणवाडीत दैवशालाबाईंनी सगळ्यांना घरून थोडं थोडं बी आणायला सांगितलं, रंगाप्रमाणे निवडायला बसवलं आणि त्या खिचडी बघायला आत गेल्या.

बाहेर आल्या तर चार वर्षांच्या पायलचे तळवे गुलाबी झालेले. पुढ्यात बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती. पेरणीचा मका, कीड लागू नये म्हणून विषारी गुलाबी औषध चोळलेला. बाईंनी तिला उचलून मोरीवर नेलं, हात खसाखसा धुतले, तोंड उघडून बघितलं. जीभ साफ होती.

"खरं सांग पायल, तू त्यातलं खाल्लं का?"

"न्हाई बाई. एकबी न्हाई."

बाईंच्या जिवात जीव आला.

 

"मी बाई झाल्ते ना," पायल म्हणाली. "बाई आधी समद्या लेकरायला खाऊ वाटती, मंग आपुन खाती."