बाबांचा डबा

तिसऱ्या मजल्यावरून टाकलं तरी अंडं फुटू नये, असं काहीतरी घरातल्याच वस्तूंतून करून शाळेत न्यायचं होतं. पोरीने स्ट्रॉचा पिंजरा बांधला. बाबांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि सरळ केराच्या टोपलीत टाकला.

"आईच्याच वळणावर गेलीस. एक काम धड कराल तर शपथ."

मग त्यांनी स्वतः उशी उसवली, प्लॅस्टिकच्या डब्यात कापूस ठासला आणि मधोमध अंडं बसवलं. तिला चिकटपट्टीलाही हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"फुटलं."

"शक्यच नाही. आण तो डबा इकडे."

ती स्वयंपाकघरात गेली. आईने डबा घासायला म्हणून नुकताच उघडला होता. त्याचा एक कोपरा चेपला होता, पण आतल्या अंड्याला साधा तडाही गेला नव्हता. आईने अंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

बाहेरून आवाज आला, "दोघींना मिळून एक डबा सापडेना?"

आईने अंडं ओट्याच्या कडेवर फोडलं, कापसावर ओतलं, वर टरफलं ठेवली आणि डबा पोरीच्या हातात दिला.

"जा, दाखव त्यांना."