घारीची नजर

पाण्यात शिरता शिरताच त्याला कळलं, आपले पाय आधी सुटले.

प्रत्येक संघातल्या चौघांनी एकामागून एक पोहायची शर्यत होती आणि हा चौथा. तिसऱ्याचा हात भिंतीला लागल्याशिवाय चौथ्यानं उडी मारायचा ओटा सोडायचा नाही, इतका साधा नियम. पण तिसरा, ज्याला सगळे बेडक्या म्हणायचे, शेवटी शेवटी दमला. नेहमी तो शेवटचा एक हात लांब मारून भिंत गाठायचा. आज त्याला दोन आखूड हात मारावे लागले. चौथ्यानं सवयीनं उडी घेतली तेव्हा बेडक्याची बोटं भिंतीपासून चांगली वीतभर लांब होती.

आता मागे फिरून उपयोग नव्हता. तो जीव खाऊन पोहला. पलीकडच्या भिंतीला हात लावून डोकं वर काढलं, तर शेजारच्या रांगेतला मुलगा अजून यायचाच होता.

बाकीचे सगळे पोहोचले तशी त्याच्या तिन्ही मित्रांनी त्याच्या अंगावर उड्या टाकल्या. बेडक्यानं त्याला पाण्यात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. नाकातोंडात पाणी गेलं आणि तो हसत सुटला. खदखदून, पोट धरून. हा संघ त्याच्या बाबांनी घडवलेला. "माझी पोरं पोहतात झकास, जिंकायचं तेवढं विसरतात," असं ते सगळ्यांना सांगायचे. गेल्या वर्षी ते गेले आणि आज पोरं जिंकली होती.

मग त्याला आई दिसली.

ती त्यांच्याच रांगेची पंच होती. पोरांचे पाय कधी सुटतात ते बघणं हेच तिचं काम. पंचमंडळी तिला घार म्हणायची. मुलाच्या रांगेवर आईला कसं बसवलं, असं एका पालकानं सकाळी विचारलं, तेव्हा जुने प्रशिक्षक नुसते हसले. या बाईनं एकदा स्वतःच्या नवऱ्याचा संघ बाद केला होता. नवरा त्या दिवशी मुकाट्यानं जेवला आणि हात धुताना म्हणाला, "बरोबर केलंस."

शर्यत संपली की मुख्य पंच प्रत्येक रांगेकडे बघायचे. चूक झाली असेल तर तिथल्या पंचानं हात वर करायचा. त्यांनी आईकडे पाहिलं. आईचा हात खालीच राहिला. ते पुढच्या रांगेकडे वळले.

म्हणजे तिला दिसलंच नाही. त्याला नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. हल्ली तिचं असंच व्हायचं. दूध गॅसवर ठेवायची आणि ते उतू जाईपर्यंत दुधाकडेच बघत उभी राहायची.

अंग पुसताना त्यानं स्वतःला पुष्कळ समजावलं. एवढ्याशा उडीनं काय होतं? बेडक्याचं या संघातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या फेरीत गेला तर त्याला चांगला प्रशिक्षक मिळेल. त्याच्या तोंडचा घास का काढायचा? पण समोरच्या बाकावर दुसऱ्या आलेल्या संघातला एक मुलगा बसला होता. शर्यत संपून केव्हाची झाली, तरी त्यानं डोळ्यांवरचा पोहण्याचा चष्मा काढला नव्हता. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते तलावाचं नव्हतं.

तो उठला आणि मुख्य पंचांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, माझे पाय आधी सुटले."

"पंचांनी चूक दाखवलेली नाही, बाळा. जा, कपडे बदल."

"पण सुटले, सर."

मुख्य पंच त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि दूरवर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "तुझ्या आईची नजर चुकली, हे आज पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणून ते ध्वनिक्षेपकाकडे गेले.

निकाल बदलला. दोघं मित्र पिशव्या उचलून निघून गेले. बेडक्या थांबला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कुणी पाहिलं होतं का?" त्यानं हळूच विचारलं आणि तोही गेला.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं मोठी माणसं सांगतात. त्याचं काही हलकं झालं नाही. त्याला रडू येत होतं आणि बाबा हवे होते.

तलाव रिकामा झाला तरी आई तिथेच पायरीवर बसली होती. तो शेजारी जाऊन टेकला. आईला आता पुन्हा कुणी पंच म्हणून बोलावेल की नाही, हे त्याच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं.

"सॉरी, आई. सगळ्यांसमोर तुझी चूक काढली मी."

तिनं त्याचा ओला टॉवेल घेऊन त्याची घडी घातली.

"तुला दिसलं नसणार. पाणी केवढं उडत होतं."

"दिसलं होतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खाली ओल्या फरशीकडे बघत होती. इतकी वर्षं कुणालाही न घाबरलेली त्याची आई त्याच्या नजरेला नजर द्यायला तयार नव्हती.

"हात उचलणारच होते रे," ती म्हणाली. "पण तू हसत होतास. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा."